अक्षरी रुपये

ग्वाल्हेरच्या छत्री बाजारात माझ्या दुकानावर पाटी आहे:
अक्षरी सहा रुपये. काना, मात्रा, टिंब फुकट.
जोडाक्षर दोन धरतो.

सिरसौलीचे सरपंच ट्रॅक्टरवरून मजकूर घेऊन आले
तो असा की दगडालाही पेंग यावी.
मातृभूमीच्या, रक्षणार्थ, प्राणार्पण.
मी जोडाक्षरं मोजली, आकडा सांगितला.
त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.
म्हणाले, मराठा मिस्त्री, तुम्हीच गावात चला.
ज्यांची माणसं त्यांनाच विचारू. ते कमी बोलतात.

तळ्याच्या काठी, बंद हातपंपाशेजारी
दगड आधीच उभा होता, कोरा, पुरुषभर उंच.
मी पोतं अंथरलं, छिन्न्या मांडल्या,
आणि कुणी आलं नाही.
दुपारनंतर एकेक जण आला,
उसने मागायला यावं तसा.

रामबरन सिकरवारची आई म्हणाली,
त्याला थंडी फार वाजायची.
मी थांबलो. पुढे?
पुढे काय. बर्फात गेला ना तो.
एवढंच लिही.

अलीशेरच्या नावाखाली बाबू तेली स्वतःचं नाव मागत होता.
सरपंच चिडले, तू जिवंत आहेस ना?
बाबू म्हणाला, म्हणूनच.
त्याचे चाळीस रुपये माझ्याकडे राहिले.
घरी नेऊन देतो तर घेत नाहीत.
कोरलं: चाळीस रुपये देणं आहे. बाबू तेली.
रोज गुरं पाण्यावर आणणाऱ्या अख्ख्या गावासमोर.

सगळ्यात वरचं नाव आजोबांच्याही आधीचं,
खेचरांबरोबर बसऱ्याला गेलेल्याचं.
त्याचं सांगायला कुणी उरलं नव्हतं.
एक म्हणाला उंच होता, दुसरा म्हणाला तुला कोणी सांगितलं.
जाटवांची पोरं मागे उभी होती, ती पुढे आली.
आमचा आहे. नाव पूर्ण घाला.
जुन्या यादीत नुसतं 'खेचरवाला' आहे.
मातादीन जाटव.
दोन सूत जास्त खोल घेतलं मी ते.
खोलीचे पैसे धरत नाही.

हे सगळं त्यांच्या बोलीत,
मी घरी ज्या भाषेत आमटी मागतो तिच्यात नव्हे.
फौजेमागून इथे येऊन आम्हाला सात पिढ्या झाल्या,
तरी माझ्या मनगटात एक वळण आहे
ज्याला या बाजारात गिऱ्हाईक नाही: ळ.
वर्षं वर्षं ते छिन्नीत निजून असतं.
कधी एखादे काळे जातात,
त्यांच्या नावाने दत्ताच्या देवळाला पायरी बसते,
तेवढ्यापुरतं जागं होतं.

हुब्बलालची करतारी तीनदा आली, तीनदा परत गेली.
चौथ्यांदा म्हणाली,
तो म्हशींना हाक मारायचा, तेवढी घाल.
कशी मारायचा?
सासरा समोर बसलेला. तिने पदर ओढला.
म्हातारा उठला, पंपामागे जाऊन
उगाच दांडा हलवत राहिला.
तेव्हा तिने हाक दिली.

तिच्यात अक्षर सापडेना.
मी कोळशाने लिहिलं, हुर्रे. नाही.
हुल्ले. नाही रे,
जीभ अजून वर ने, टाळूला लावून सोड.
मी आधी मातीत काढून पाहिला, मग दगडावर.
हुळ्ळे ऽ हो.
मोठ्याने वाचलं.
तळ्यातल्या एका म्हाताऱ्या म्हशीने मान वर केली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि पाणी सांडत काठाकडे निघाली.
हां, करतारी म्हणाली.

शाळेतली पोरं अजून विचारतात म्हणे, हे अक्षर कोणतं.
कुणी सांगतं, मिस्त्रीची चूक.
कुणी सांगतं, म्हशींचं.

संध्याकाळी पावतीपुस्तक काढलं.
'अक्षरी रुपये' छापलेलं होतं, पुढे मोजत बसलो.
हु एक. ळ्ळे जोडाक्षर, दोन. हो एक.
मधल्या ऽ चं काय धरायचं
ते पाटीवर लिहिलेलं नाही.